हाकेचं नाव

सुलग्ना हालदार भित्री होती. कृष्णनगरात कुणालाही विचारा. तिला स्वतःला विचारलं असतं तरी ती नाही म्हणाली नसती. जळवांना भ्यायची, विजेच्या कडकडाटाला भ्यायची, दुकानदाराने सुटे मागितले तरी तिच्या कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या. आणि हीच मुलगी पावसाळ्यामागून पावसाळे तागाच्या कुजक्या पाण्यात मांडीपर्यंत उभी राहिली, जळू लागली की डोळे मिटून उपटत राहिली, आणि डॉक्टर झाली.

आमच्या बंगालातल्या नदिया जिल्ह्यात ताग कापून पेंढ्या बांधतात आणि तळ्यात बुडवून ठेवतात. पाण्यातले जंतू काडीचा चिकट गर खाऊन टाकतात, मग वाख मोकळा होतो. त्या दिवसांत असा वास सुटतो की बाहेरून आलेल्या नव्या सुनेला पहिल्या वर्षी घास उतरत नाही. कोणते जंतू वाख चांगला सोडवतात आणि कोणते नासवतात, हे सुलग्नाने शोधलं होतं. तिची आई म्हणायची, "एवढं शिकून शेवटी घाणीतच उभी राहिलीस. तो वास आम्हाला न शिकताही येत होता."

डॉक्टरेट झाली आणि पुढे काही झालं नाही. एका कॉलेजात तासिकेवर शिकवायचं, दर सुट्टीनंतर पुन्हा घेतील की नाही याची धास्ती. बेल्जियममधल्या एका संशोधन संस्थेची फेलोशिप होती. तिकडे जवसाच्या काड्या कुजवून त्यातून लिननचं सूत काढतात. म्हणजे काम तेच, पीक वेगळं. जणू हिच्यासाठीच कुणी मांडून ठेवलं होतं. पण पदवी मिळून पाच वर्षं उलटली की अर्ज घेत नाहीत. सुलग्नाचं हे पाचवं वर्ष होतं.

मग आधीची चार वर्षं काय केलं? सांगते. अर्जाला मार्गदर्शकाचं शिफारसपत्र लागत होतं, आणि ते मागायला प्रोफेसर त्रिदिब सान्यालांसमोर उभं राहावं लागत होतं.

सान्याल सर निवृत्त होण्याआधी विद्यापीठातल्या आपल्या विभागात येत ते छत्रीचं टोक जिन्याच्या प्रत्येक पायरीवर आपटत. त्या टकटकीवरून मुलं दिवसाचा अंदाज बांधत. हळू टकटक असली तर बरं. जोरात असली तर मुलं पाणी प्यायच्या निमित्ताने पसार होत. सुलग्नाच्या प्रबंधाचा एक भाग त्यांनी परत दिला होता तो एवढाच शेरा लिहून: "हे कुणी लिहिलं?" कौतुक त्यांनी कधी कुणाचं केलं नाही. विभागात ते तिला "मिस हालदार, तुम्ही" म्हणत. आणि ते "तुम्ही" ऐकलं की ती जिन्याकडे बघे, कारण लहानपणापासून घरी ते तिला "खेंदी, तू" म्हणत आले होते.

बंगालात माणसाला दोन नावं असतात. एक कागदावरचं, भलं नाव. दुसरं हाकेचं. कागदावरचं नाव संस्कृत, भारदस्त, आणि हाकेचं म्हणजे काहीही: भोंबल, पुटी, टेपी. सुलग्ना जन्मली तेव्हा तिचं नाक बसकं होतं, म्हणून ती खेंदी, म्हणजे नकटी. सरांच्या बायकोकडे, काकिमांकडे, ती फ्रॉक घालून हार्मोनियम शिकायला जायची. तिथे ती खेंदीच. विभागाच्या दारात मिस हालदार. दोन्ही नावं एका जागी आलेली तिने कधी ऐकली नव्हती.

थंडीचे दिवस होते. आईने सरपुरियाची, आमच्या गावच्या सायीच्या मिठाईची, पुडी तिच्या हातात कोंबली आणि दाराबाहेर ढकललं.

"जा. वाघ आहे का तो?"

"मा, वाघाकडे निदान शिफारसपत्र तरी मागावं लागत नाही."

"जातेस, की मीच जाऊन मागू? सांगते त्याला, आमच्या खेंदीला परदेशी धाड बाबा, इथे तिला कुणी वर मिळत नाही."

ही धमकी खरी होती. सुलग्ना गेली.

सर व्हरांड्यात उन्हात बसले होते. माकडटोपी, शाल, छत्री खुर्चीला टेकवलेली. काकिमा बाजूला मटार सोलत होत्या. सुलग्नाने वाकून पाय शिवले आणि सगळं एका दमात सांगून टाकलं, जसं लहान मुलं कडू औषध पितात.

"जवस!" सर म्हणाले. डोळे चमकले. "ते लोक काड्या पाण्यात बुडवत नाहीत आता. शेतातच पसरतात, दंवावर कुजवतात. म्हणजे बुरशीचं काम, जंतूंचं कमी. तुला सगळं पहिल्यापासून शिकावं लागेल." आणि ते अर्धा तास बोलले. रागावले नाहीत. सुलग्नाला वाटलं, सुटले.

मग ते एकदम थांबले. "बरं. तू नेमकं कसलं काम करतेस?"

हा प्रश्न विभागात सगळ्यांना माहीत होता. ज्या मुलाचं काम सरांना फालतू वाटे त्याला ते भर चर्चेत विचारत, "तुम्ही नेमकं कसलं काम करता?" तिने मान खाली घालून, उभ्यानेच, आपल्या प्रबंधाचा सारांश सांगितला. काकिमांचे मटार सोलणारे हात थांबले होते, पण ते तिने पाहिलं नाही. घाबरलेला माणूस फक्त स्वतःकडे बघतो.

"चांगलं आहे," सर म्हणाले. "लिहितो."

चांगलं आहे! सरांच्या तोंडून! ती घरी आली आणि रडली. आईने विचारलं, नाही म्हणाले का? "चांगलं आहे म्हणाले," सुलग्ना म्हणाली. "मा, रागावलेसुद्धा नाहीत. त्यांनी मला मोडीत काढलं."

पत्र संस्थेकडे थेट जायचं होतं, तिला दिसणार नव्हतं. संस्थेने सरांना विनंती पाठवली: डॉक्टर सुलग्ना हालदार यांच्याविषयी आपलं मत कळवा. दिवस सरत आले. आठवण करायची हिंमत नाही. ती सरांच्या घरावरून जायची, व्हरांड्यातली खुर्ची रिकामी दिसली की थबकायची, भरलेली दिसली की रस्ता बदलायची. मुदत संपायच्या आदल्या दिवशी संस्थेचा निरोप आला: पत्र मिळालं. त्या रात्री ती मेल्यासारखी झोपली.

आठवड्याने दुसरा निरोप आला.

प्राध्यापक सान्याल यांचं पत्र निवड समितीने वाचलं. पत्र उत्तम आहे, पण ते खेंदी नावाच्या कुणा व्यक्तीविषयी आहे. डॉक्टर हालदार यांचा त्यात कुठेही उल्लेख नाही. बहुधा दुसऱ्या उमेदवाराचं पत्र चुकून जोडलं गेलं असावं. येत्या गुरुवारी दुपारी समिती प्राध्यापकांना फोन करील. खुलासा झाला नाही तर अर्ज अपुरा समजला जाईल.

सुलग्नाने तो निरोप पुन्हा पुन्हा वाचला. मग आईला वाचून दाखवला.

"मग अडचण काय?" आई म्हणाली. "खेंदी तूच की!"

"त्यांना कसं कळणार?"

"सांग त्यांना. नाक दाखव."

आई हसली, सुलग्ना हसली नाही. तिच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. आता सरांना जाऊन सांगायचं, की सर, तुम्ही चूक केलीत. हे वाक्य सान्यालांना आजवर कुणी म्हटलं नव्हतं. कुलगुरूंनीही नाही. आणि त्यांनी मुद्दाम केलं असेल तर? मिस हालदार कुठली, ही तर नकटी खेंदी, असं जगाला कळवायचं असेल तर? भीतीला खाद्य लागत नाही, ती स्वतःच रांधते. बुधवारपर्यंत सुलग्नाची खात्री पटली होती की सरांना तिचा वर्षानुवर्षं तिरस्कार वाटत होता.

बुधवारी ती गेली. काकिमांनी दार उघडलं, तिचं तोंड पाहिलं आणि तिला आत न घेता अंगणातल्या विहिरीपाशी नेलं.

"काय झालं?"

सुलग्नाने सांगितलं. काकिमा विहिरीच्या कठड्यावर बसल्या.

"मला वाटलंच होतं काहीतरी होणार," त्या म्हणाल्या. "ते पत्र घेऊन दिवसचे दिवस बसले होते. मी म्हटलं, मदत करू? तर अंगावर आले. नंतर मला हळूच विचारतात, मंजू, ही सुलग्ना हालदार कोण? म्हटलं, अहो, आपली खेंदी. हो हो, म्हणाले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी मला विचारलंच नाही. आपणच ठरवलं."

"काय ठरवलं?"

"की ही सुलग्ना कुणी परकी पोरगी आहे, खेंदीच्या पत्रावर डल्ला मारायला आलीय. मला म्हणाले, मी हुशारी केली. पत्रात जागोजागी खेंदी लिहिलं, म्हणजे दुसरीला वापरता येणार नाही."

विहिरीतल्या पाण्यावर एक पान फिरत होतं. सुलग्ना त्याच्याकडे बघत राहिली. मग ते व्हरांड्यातलं, "तू नेमकं कसलं काम करतेस"... तो टोमणा नव्हता. त्यांना खरंच आठवत नव्हतं.

"कधीपासून?"

"दुर्गापूजेच्या आधीपासून. कुणाला सांगितलं नाही. मुलालाही नाही. तू सांगू नकोस, पोरी. त्यांना कळलं की लोकांना कळलंय, तर ते त्या खुर्चीतून उठायचे नाहीत."

आजवर ती सरांना भ्यायची. आता ती सरांसाठी भ्यायला लागली, आणि हे जास्त वाईट होतं, कारण यात पळायला जिना नव्हता. समितीला खरं सांगावं, तर पत्राला किंमत उरत नाही: ज्याला नाव आठवत नाही त्याची शिफारस काय कामाची? शिवाय सरांचं नाव त्या शास्त्रात अजून मोठं होतं. ते असं दूर देशातल्या चार लोकांच्या बैठकीत उघडं पडणार. न सांगावं, तर उद्या फोनवर ते म्हणणार, सुलग्ना हालदार? मी अशा कुणालाही ओळखत नाही.

दोघी बायकांनी ठरवलं, काही सांगायचं नाही. कुणी म्हणेल फसवणूक. म्हणू दे. पत्रातला शब्दन् शब्द खरा होता, फक्त नाव हाकेचं होतं.

गुरुवारी सकाळपासून काकिमांनी शिकवणी लावली. आंघोळीला पाणी देताना, "सुलग्ना म्हणजे खेंदी." भात वाढताना, "सुलग्ना म्हणजे खेंदी."

"मला काय लहान पोर समजतेस?" सर ओरडले. "सुलग्ना म्हणजे खेंदी. माशाला मीठ कमी आहे."

सुलग्ना दुपारी आली तेव्हा ते खुश होते. "ये खेंदी. आज कोण येणार आहे म्हणे?"

काकिमांनी सुलग्नाकडे पाहिलं. सुलग्नाने ओढणीचं टोक मुठीत धरलं.

"कुणी येणार नाही सर. फोन येणार आहे. बेल्जियमहून. माझ्या कामाबद्दल विचारतील."

"विचारू दे की."

उमेदवाराने समोर असू नये हे उघड होतं. ती स्वयंपाकघरात गेली आणि सांडशी, डबे, तव्याकडे पाठ करून जमिनीवर बसली. फोन टेबलावर, आवाज मोठा ठेवलेला, कारण सरांना कमी ऐकू येई. वाजला. एक बाई बोलत होत्या, समितीच्या प्रमुख, डॉक्टर फेरलिंडेन. नमस्कार झाले. मग त्यांनी सरळच विचारलं.

"प्राध्यापक सान्याल, आपण डॉक्टर सुलग्ना हालदार यांना ओळखता का?"

काकिमा दाराशी उभ्या होत्या, त्यांचे ओठ हलत होते, पण सर त्यांच्याकडे बघत नव्हते. सुलग्नाने ओढणीचं टोक तोंडात कोंबलं. चूल बंद होती तरी तिला धूर कोंडल्यासारखं झालं. बाहेर एक सायकलरिक्षा भोंपू वाजवत गेली आणि तो आवाज संपायलाच तयार नव्हता.

"बाई," सर म्हणाले, आणि सुलग्ना दचकली, कारण तो व्हरांड्यातला आवाज नव्हता. इंग्रजीत शिरताच आवाज पुन्हा विभागातला झाला होता. छत्रीचं टोक फरशीवर आपटलं. "बाई, तुम्ही मला नाव विचारता आहात. नावं कारकून सांभाळतात. मला काम विचारा."

पलीकडे कुणीतरी खाकरलं. "ठीक आहे. कामाबद्दल सांगा."

"एका वर्षी तिच्या तिसऱ्या तळ्यातला ताग सगळा नासला. वाख काळा पडला. तिच्या जागी दुसरा कुणी असता तर ते तळं प्रबंधातून गाळलं असतं. मला पत्ताही लागला नसता. ही मुलगी मला किती भिते माहीत आहे? माझी छत्री ऐकली तरी पळते. ती काळा वाख हातात घेऊन माझ्या खोलीत आली. तोंडातून शब्द फुटत नव्हता. नुसता तो वाख टेबलावर ठेवला. वास चार दिवस गेला नाही. त्या नासलेल्या तळ्यातूनच पुढे तिचं सगळं काम निघालं. ती भित्री आहे, हे मी पत्रात लिहिलं आहे. पण तिने जे पाहिलं नाही ते कधी लिहिलं नाही, आणि जे पाहिलं ते लपवलं नाही. मी एवढी मुलं शिकवली, हे फार थोड्यांबद्दल सांगता येईल."

सुलग्नाला तो दिवस आठवत होता. सर तेव्हा एवढंच म्हणाले होते, "खिडकी उघडा, मिस हालदार."

"हे सगळं पत्रात आहे," बाई म्हणाल्या, आता जरा मऊ आवाजात. "पण प्राध्यापक, आम्हाला एकाच गोष्टीची नोंद करायची आहे. ही खेंदी, म्हणजेच सुलग्ना हालदार का?"

सुलग्नाला दाराच्या फटीतून सरांचा हात दिसत होता. छत्रीच्या मुठीवर बोटं उघडत होती, मिटत होती. काहीतरी शोधत असल्यासारखी. आणि तिला कळलं की सर घाबरलेत. इतकी वर्षं तिने घाबरण्याचाच अभ्यास केला होता, तिला ओळखायला वेळ लागला नाही.

"ती माझ्या स्वयंपाकघरात बसली आहे," सर शेवटी म्हणाले. "तिलाच विचारा. आम्ही तिला फार कमी बोलू दिलं. खेंदी! इकडे ये!"

सुलग्ना उठली. ती टेबलापाशी आली आणि सरांच्या खुर्चीमागे उभी राहिली, कारण समोर उभं राहायची तिला सवयच नव्हती.

"मी सुलग्ना हालदार," ती म्हणाली. आवाज चिरकला. पुन्हा म्हणाली. "मी सुलग्ना हालदार. घरी मला खेंदी म्हणतात. आमच्याकडे सगळ्यांना दोन नावं असतात. सरांनी मला लहानपणापासून पाहिलंय, म्हणून त्यांनी हाकेचं नाव लिहिलं."

"अर्थ काय त्याचा?"

"नकटी."

पलीकडे दोघं-तिघं हसले. बाईही हसल्या, मग म्हणाल्या, आता तुम्ही आलाच आहात तर ते तिसरं तळं नेमकं का नासलं ते सांगा. आणि सुलग्नाने सांगितलं. सांगताना ओढणी मुठीतून कधी सुटली तिला कळलं नाही. सर मान डोलवत ऐकत होते. एका ठिकाणी तिने पाण्यातल्या लोहाचं प्रमाण सांगायचं राहून गेलं, तर त्यांनी छत्री आपटली. "लोह!" ते म्हणाले. "लोह सांगा, मिस हालदार!"

काकिमांनी तोंडावर हात ठेवला. सुलग्नाने लोह सांगितलं.

फेलोशिप मिळाली. ती बातमी आली तेव्हा आईने सगळ्या आळीला सांगितलं की आमच्या खेंदीला परदेशात घाण ढवळायला बोलावलंय, आणि सगळ्या आळीला सरपुरिया वाटली. सुलग्ना आनंदात होती असं मला म्हणता येणार नाही. विमानाला ती भ्याली, व्हिसाच्या माणसाला भ्याली, थंडीला आतापासून भ्याली. आणि एका गोष्टीला सगळ्यात जास्त, जी ती आईलाही बोलली नाही: परत येईपर्यंत सरांकडे खेंदी तरी शिल्लक असेल का?

ती निघाली तेव्हा तळ्यांत ताग बुडवलेला होता आणि सगळ्या गावाला वास होता. आदल्या संध्याकाळी ती निरोप घ्यायला गेली. सर व्हरांड्यात होते. तिने पाय शिवले.

"खेंदी, बरं झालं आलीस," ते हळूच म्हणाले, काकिमांना ऐकू जाऊ नये अशा बेताने. "तुमच्या विभागात एक मुलगी होती. मिस हालदार. भेटते का तुला कधी?"

सुलग्नाचा हात त्यांच्या पायावरच राहिला. मीच ती, हे शब्द ओठांपर्यंत आले. सर वाकून तिच्याकडे बघत होते, उत्सुकतेने, जसं माणूस काम सोपवताना बघतो.

"भेटते, सर."

"तिला एक सांगशील? काम तिचं उत्तम होतं. मी तिला कधी बोललो नाही. बोलायला हवं होतं. आता ती कुठे असते, मला माहीत नाही."

"सांगते, सर."

"नक्की?"

"नक्की सांगते."

सरांनी समाधानाने मान हलवली, छत्री जवळ ओढली, आणि विचारलं, "आज हा वास कसला येतोय गं?"

"ताग कुजतोय, सर."

"हं," ते म्हणाले. "चांगला कुजतोय."